जालन्याहून रुळांवरून निघालेले वीस जण : पोलीस आणि प्रजा यांची जुनी गोष्ट

७ मे २०२० च्या संध्याकाळी जालना एमआयडीसीतून वीस मजूर पायी निघाले. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतील हे लोक जालन्याच्या पोलाद उद्योगात कामाला होते. टाळेबंदीमुळे काम थांबले होते, हाती मजुरी उरली नव्हती, आणि भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल अशी आशा होती. बदनापूरपर्यंत ते रस्त्याने चालले. तेथे त्यांनी रस्ता सोडला आणि लोहमार्ग धरला.

पहाटे सव्वापाचच्या सुमारास करमाडजवळ थकून रुळांवरच झोपी गेलेल्या या माणसांवरून मालगाडी गेली. सोळा जण मृत्युमुखी पडले. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या मात्र धावत होत्या. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर पोहोचले.

अपघाताच्या बातम्यांत एक तपशील होता, आणि छायाचित्राच्या धक्क्यात तो मागे पडला. या लोकांनी रस्ता सोडला तो नाकाबंदी टाळण्यासाठी, असे त्या वेळच्या वृत्तांमध्ये नोंदले गेले. प्रवासाच्या पाससाठी त्यांनी अर्ज केले होते. उत्तर आले नव्हते. महामार्गावर पोलीस अडवतील, परत पाठवतील, कदाचित मारतीलही. या विचारापुढे त्यांना लोहमार्ग अधिक सुरक्षित वाटला. पोलीस दिसला की वाट बदलावी, ही सवय भारतीय माणसाच्या अंगी केव्हा आणि कशी भिनली, हा या धाग्याचा विषय आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू, कारण त्या महिन्यांत रस्त्यावर उभा असलेला पोलीस कोणत्या अधिकाराने उभा होता हे सहसा विचारले जात नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याबरोबर वापरला गेलेला दुसरा कायदा होता १८९७ चा साथरोग कायदा. जेमतेम चार कलमांचा हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगसाठी घाईघाईने संमत झाला होता. सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार, ते मोडणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा, आणि या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदाराविरुद्ध दावा चालणार नाही असे संरक्षण, एवढेच त्याचे सार होते.

या कायद्याची पहिली मोठी प्रयोगशाळा पुणे होती. वॉल्टर चार्ल्स रँडच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने १८९७ च्या मार्चपासून घरांची झडती सुरू केली, आणि त्यासाठी लष्कराचे गोरे सोजीर वापरले. माजघरापर्यंत शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामान उघड्यावर फेकणे, देवघराचा विटाळ अशा तक्रारींनी त्या वर्षीची वृत्तपत्रे भरलेली आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट येथे संपते. कायदा मात्र संपला नाही. रँड गेला, साम्राज्य गेले, आणि ज्या कायद्याने पुण्याच्या घरांत सोजीर शिरले होते तोच एकशे तेवीस वर्षांनी जालना-औरंगाबाद रस्त्यावर लागू होता.

येथे एक गोष्ट नोंदली पाहिजे. त्या कायद्यात किंवा कलम १८८ मध्ये काठीने मारण्याची शिक्षा नाही. शिक्षा आहे ती साधी कैद किंवा दंड, आणि तीही न्यायालयाने द्यायची. फटके मारण्याची कायदेशीर शिक्षा भारतात होती; १८६४ च्या व्हिपिंग ॲक्टने तिला आधार दिला होता, आणि स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ मध्ये ती रद्द केली. तरीही २०२० च्या वसंतात राज्याराज्यांतून उठाबशा, कोंबडा आणि पाठीवरच्या वळांच्या चित्रफिती फिरत होत्या, आणि त्या पाहून हसणारे सुशिक्षित लोकही पुष्कळ होते. रद्द झालेली शिक्षा पोलिसाच्या हातात राहते आणि प्रेक्षकाच्या मनातही, हे त्या चित्रफितींनी दाखवले.

आता मागे जाऊ.

इंग्रजांपूर्वी ‘पोलीस’ हे खाते महाराष्ट्राच्या खेड्यात नव्हते; काम होते. ते पाटलाच्या जबाबदारीवर चाले, आणि प्रत्यक्ष राखण जागल्या, रामोशी, महार, मांग, काही भागांत भिल्ल करीत. चोरी झाली की माग काढला जाई. पावलांचे ठसे ज्या गावाच्या शिवेपर्यंत गेले, त्या गावावर पुढचा माग दाखवण्याची किंवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी येई. पेशवाईनंतर या मुलखाची व्यवस्था लावणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीची दखल घेतली आहे.

या व्यवस्थेकडे हळवेपणाने पाहण्याचे मात्र कारण नाही. राखण करणारा गावाचाच होता हे खरे. पण गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले होते. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबायचे, सरकारी निरोप पोहोचवायचे, आणि चोरी झाली की संशयाचे पहिले बोट स्वतःकडेच वळायचे, अशी ती स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हीच वेठबिगार होती.

शहरात कोतवाल असे. ‘ऐन-ए-अकबरी’ने कोतवालाची कामे सांगितली आहेत : घरांची नोंद, रात्रीची गस्त, सरायांवर नजर, वजनेमापे आणि बाजारभाव. पेशव्यांच्या पुण्यात रात्री तोफेचा बार झाला की रस्त्यावर फिरण्यास मनाई असे, आणि सापडलेला माणूस सकाळपर्यंत चौकीत अडकून पडे. संचारबंदी ही कल्पना मराठी शहराला नवी नाही.

या पुण्यात १७७७ ते १७९१ या काळात घाशीराम सावळदास हा कोतवाल होता. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले, आणि नाटकातील नानाच इतिहासातील नाना, असा समजही त्याबरोबर पसरला. कागदोपत्री जे उरते ते नाटकापेक्षा कोरडे आहे, पण कमी भयंकर नाही. १७९१ च्या ऑगस्टमध्ये घाशीरामच्या बागेतील फळे तोडल्याच्या आरोपावरून तेलंगी ब्राह्मणांना पकडून अरुंद जागेत कोंडण्यात आले. त्यांपैकी सुमारे वीस जण गुदमरून मेले. आज ज्याला कोठडीतील मृत्यू म्हणतात त्याचे हे मराठी इतिहासातील सर्वांत गाजलेले उदाहरण. जमाव खवळला, नाना फडणविसांनी अखेर कोतवालाला लोकांच्या हवाली केले, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाला जाब विचारण्याची नियमित वाट उपलब्ध नसली की उरलेल्या दोन वाटा म्हणजे सहन करणे किंवा दगड उचलणे. त्या दिवशी पुण्याने दुसरी निवडली.

कंपनी सरकारने जे पोलीस दल उभे केले ते लंडनच्या नमुन्यावर नव्हते. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनमध्ये जे पोलीस आणले ते बिनहत्यारी आणि नागरी वळणाचे होते. भारतासाठी नजर गेली ती आयर्लंडकडे, म्हणजे जिंकलेल्या आणि धुमसणाऱ्या मुलखाकडे. १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर चार्ल्स नेपियरने आयरिश धर्तीवर निमलष्करी पोलीस उभारले, आणि सिंध पुढे मुंबई इलाख्यालाच जोडला गेल्याने हा नमुना आपल्या दाराशी आला. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्याने १८६७ आणि १८९० मध्ये आपले स्वतंत्र कायदे केले, पण घडण तीच राहिली : वर मोजके गोरे अधिकारी, खाली अल्प पगाराचे पुष्कळ शिपाई, आणि दोघांचेही उत्तरदायित्व सरकारकडे.

या दलाच्या वागणुकीविषयी राज्यकर्ते अंधारात होते असे नाही. मद्रास इलाख्यात रयतेच्या छळाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये दिलेल्या अहवालात उन्हात वाकवून उभे करणे, बोटे पिरगाळणे, दोरीने आवळणे अशा प्रकारांच्या साक्षी आहेत. सारा वसूल करणारे आणि गुन्ह्याचा तपास करणारे हात अनेक ठिकाणी एकच होते. त्यानंतर कायदा करणाऱ्यांनी एक विलक्षण कबुली दिली. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हे तत्त्व १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आले आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून स्थिरावले. सरकारने आपल्याच नोकराविषयी कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेला हा अविश्वास आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कलम २३ च्या रूपाने कायम आहे.

१९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने तर दल अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी समजले जाते व लोकांचा विश्वास मिळवण्यात ते अपयशी ठरले आहे असाच निष्कर्ष काढला. शिपायाचा तुटपुंजा पगार आणि अपुरे प्रशिक्षण याकडेही आयोगाने बोट दाखवले. तोवर गुन्हेगार जमाती कायद्याने (१८७१) एक वेगळेच नाते निर्माण केले होते. काही जमातींत जन्म घेणे हाच गुन्हा ठरला. ठरलेल्या वेळी चौकीत हजेरी, गाव सोडायला परवानगी, तारेच्या कुंपणातील वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पारध्यांच्या पालावर चोरीनंतरची पहिली धाड पडायचे थांबले का, हे मराठवाड्यातील कोणत्याही पालावर विचारता येईल.

आतापर्यंतची कथा बहुतांशी इंग्रजी मुलखाची झाली. जालना त्या मुलखात नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते, आणि मराठवाड्याच्या पोलिसाची कुळकथा निराळी आहे.

पहिल्या सालारजंगाने १८६५ नंतर हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी केली, महसूल आणि पोलीस यांची फारकत सुरू केली. जिल्ह्याच्या पोलिसांवर मोहतमीम, ठाण्यावर अमीन, हाताखाली जवान. मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात ‘अमीन’ हा शब्द अजून भीतीसह येतो. कारभाराची भाषा उर्दू होती. फिर्याद देणारा मराठी शेतकरी आपण काय लिहून दिले हे वाचू शकत नव्हता; अंगठा उठवून तो घरी जाई. जुलमाच्या गोष्टी सांगताना ही बाब निसटते, पण ठाण्यातील माणसाची असहायता निम्मी याच कागदात होती. शिवाय जहागिरींतून जहागीरदाराचा शब्द चाले तो वेगळाच.

तरी सरसकट विधान येथे चुकेल. याच संस्थानात अमीन म्हणून नोकरीस लागलेले वेंकटराम रेड्डी १९२० मध्ये हैदराबाद शहराचे कोतवाल झाले आणि चौदा वर्षे त्या पदावर राहिले. वसतिगृहे, शिक्षणसंस्था यांना त्यांनी केलेल्या साहाय्यामुळे तेलुगू मुलखात त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

राजकीय बाबतीत मात्र संस्थान कठोर होते. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानाने परवानगीवाचून सभा घेणे अशक्य करून टाकले. वाचनालये, व्याख्यानमाला, साहित्य परिषदा या सर्वांवर पोलिसांची नजर होती. मराठवाड्यातील राजकारण साहित्य आणि शिक्षण यांच्या आडोशाने वाढले त्याचे हे एक कारण. १९४७-४८ मध्ये कासीम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, तेव्हा लोकांच्या आठवणीत पोलीस दोन रूपांत उरला : रझाकारांबरोबर असलेला आणि पाठ फिरवून उभा राहिलेला. सरहद्दीवरील कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिकांनी जे हल्ले केले त्यांचे एक ठरलेले लक्ष्य करोडगिरी नाके होते. नाका म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे अडवणूक, हे समीकरण पुष्कळ जुने आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. पाच दिवसांत सारे आटोपले. जालनाही त्याच दिवसांत ताब्यात आले. रणगाडे आणि विमाने यांसह झालेल्या या लष्करी मोहिमेला नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’, कारण भारत सरकारच्या भूमिकेनुसार हा परकीय राज्याशी लढा नसून अंतर्गत प्रश्न होता. परिणाम भाषेवर झाला. उर्वरित महाराष्ट्रात ‘पोलिसांची कारवाई’ म्हटले की धाड किंवा लाठीमार आठवतो. मराठवाड्यात ‘पोलीस ॲक्शन’ म्हणजे स्वातंत्र्य. जन्मसाल ठाऊक नसलेली आजी ‘पोलीस ॲक्शनच्या आधीची’ असे आपले वय सांगते. जगाच्या पाठीवर पोलीस या शब्दाशी मुक्तीची आठवण जोडलेला प्रदेश क्वचितच सापडेल.

मात्र ही आठवणही सर्वांची सारखी नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरली. मृतांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले होते. काही ठिकाणी गणवेशातील माणसांनीही लुटीत भाग घेतल्याचे समितीने नोंदवले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. एकाच आठवड्यात एका शेजाऱ्याला गणवेशाने सोडवले आणि दुसऱ्याला वाऱ्यावर सोडले, हे दोन्ही मराठवाड्याच्या इतिहासात एकत्र लिहावे लागते.

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. अमीन गेला, फौजदार आला. उर्दू गेली, मराठी आली. कायदा मात्र १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचा, ज्याची मुळे १८९० च्या कायद्यात आहेत. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याला स्वतःचे पोलीस अधीक्षक मिळाले.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात या नात्याला सर्वांत मोठा हादरा विदर्भातून बसला. २६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. रात्री ठाण्यात उभ्या असलेल्या गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती कशी, हा त्यांचा प्रश्न होता. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा गुन्हा झाला. ठाण्यात शिरलेला माणूस मुक्त इच्छेचा राहत नाही, हे १८७२ मध्ये आरोपीपुरते मान्य झालेले सत्य फिर्यादी स्त्रीच्या बाबतीत मान्य व्हायला एकशे अकरा वर्षे लागली.

पुढचे टप्पे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात : अटकेच्या वेळी पाळायचे नियम सांगणारा डी. के. बसू निकाल (१९९६), पोलीस सुधारणांचा प्रकाश सिंग निकाल (२००६), महाराष्ट्रातील २०१४ ची दुरुस्ती आणि तिच्यातून आलेले पोलीस तक्रार प्राधिकरण, ठाण्यात कॅमेरे लावण्याचा २०२० चा आदेश. कागदावर वाट तयार झाली.

शिपायाची बाजू या यादीत कोठेच नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले, ते संघटनेचा हक्क आणि नोकरीच्या अटी यांवरून. सरकारला लष्कर बोलवावे लागले. बारा-बारा तासांची पाळी, बुडणारी साप्ताहिक सुटी, गळकी निवासस्थाने आणि वरिष्ठांची शिवी या वातावरणात वाढलेला माणूस रस्त्यावर येतो तेव्हा त्याला जे मिळाले तेच तो पुढे देतो. २०२० मध्ये नाक्यावर उभे राहून महाराष्ट्रातील अनेक पोलीस करोनाने मरण पावले. मजूर आणि शिपाई पुष्कळदा एकाच प्रकारच्या घरातून आलेले असतात. मध्ये लोखंडी बॅरिकेड असते.

करमाडनंतर तीन वर्षांनी जालना पुन्हा देशाच्या बातम्यांत आले. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू असताना पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. आधी दगडफेक झाली असे पोलिसांचे म्हणणे. आंदोलकांनी ते नाकारले. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. चित्रफिती काही तासांत राज्यभर गेल्या, ठिकठिकाणी बंद झाले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, आणि ४ सप्टेंबरला गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. लाठीमाराबद्दल गृहमंत्र्याने तीन दिवसांत माफी मागणे ही महाराष्ट्राच्या इतिहासातील दुर्मिळ घटना. ती शक्य झाली, कारण मार खाणाऱ्यांच्या मागे मतांचे आणि गावांचे मोठे बळ उभे होते.

त्याच जिल्ह्यातून निघालेल्या वीस जणांच्या मागे असे काही नव्हते. त्यांना कोणी मारलेही नव्हते. कोणत्याही शिपायाने त्यांच्यावर काठी उचलल्याची नोंद नाही. नाक्याच्या केवळ शक्यतेने त्यांची वाट बदलली. म्हणूनच करमाडचे प्रकरण पोलिसांच्या इतिहासात कोणी लिहीत नाही, ते रेल्वेच्या इतिहासात जाते. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. मृतदेह विशेष रेल्वेगाडीने मध्य प्रदेशात पाठवण्यात आले.